सदर इसम या गावी राहत नाही

आमच्या गावाला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं समुद्रावरून घडलेलं आहे. गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्यापासून आत. समोर घाटाचा डोंगर, पायाशी भाताची खाचरं, आणि पाणी म्हणाल तर एक बंधारा, तोही होळीपर्यंत कसाबसा म्हशींना पुरतो. गावात होडी एकच आहे. ती अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेली आहे आणि तिचं शीड गेल्या पावसाळ्यात पोपड्यांबरोबर निघून गेलं.

मी या गावची पोलीस पाटील. बारा वर्षं झाली. पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे, हे नव्या माणसाला दर वेळी समजावावं लागतं. गावात कुणी मेलं, भांडलं, हरवलं की वर कळवायचं, आणि वरून कागद आला की त्याला उत्तर द्यायचं. गणवेश नाही, काठी नाही. शिक्का आहे.

माझ्याआधी सासरे हे काम करत. शिक्का मला नवा मिळाला, पण एक वाक्य त्यांच्याकडून आलं: ‘सदर इसम या गावी राहत नाही.’ घरात दागिने बेताचेच होते, त्यामुळे वारसा म्हणून मी ते वाक्यच धरते. त्याचा उपयोग कळायला आधी आमची वाडी कळायला हवी.

वाडी गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. पंचवीसेक घरं, जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की अर्धी वाडी रिकामी होते. कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी कल्याणकडे बांधकामावर, आणि गेल्या काही वर्षांत तरणे गडी गुजरातकडच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. भाताच्या आवणीला सगळी परत. पूर्वी गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी वाडीवर जात. कोंबडी दुसऱ्या दिवशी सापडे, पकडून नेलेला माणूस परत यायला महिना लागे. तेव्हापासून वाडीचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे कडक पाळला जातो. खाकीतल्या माणसानं कुणाचं नाव घेऊन विचारलं, की तो माणूस वाडीत नाही, कधी नव्हता आणि त्याला कुणी ओळखत नाही. भाऊ भावाला ओळखत नाही, आई लेकाला ओळखत नाही. एकानं तर स्वतःबद्दल विचारल्यावर ‘तो भट्टीवर गेलाय’ असं सांगितलं होतं, आणि हवालदार परत गेला होता.

सासरे वाडीचं हे म्हणणं शुद्ध मराठीत लिहून खाली सही करत. मीही तेच करत आले. बहुतेक कागद दारूच्या नाहीतर जंगलातल्या लाकडाच्या केसचे असत, आणि मोळीभर लाकडासाठी माणसानं तालुक्याला खेटे घालावेत असं मला कधी वाटलं नाही. वाक्य खोटंही नव्हतं. आठ महिने ती माणसं खरोखरच गावी राहत नसत.

वाडीतला एक गडी एका दिवाळीनंतर बोटीवर गेला. माझ्या शेताचे बांध तोच घालायचा. कमी बोलणारा. ओढ्यातल्या खेकड्याच्या बिळात हात घालण्याआधी काठावरच्या मातीला बोट लावून आत खेकडा आहे की पाणसाप हे सांगायचा, आणि त्यात तो चुकलेला मी पाहिला नाही. समुद्रातलं त्याला काही कळत नव्हतं. पण बोटवाल्यांना कळणारी माणसं नको होती, ओढणारे हात हवे होते. त्याची बायको माझ्याकडे आवणीला असते. दोन पावलांत ती एवढी रोपं लावते की शेजारच्या बायका तिच्या बाजूला उभ्या राहायला नाखूश असतात.

पहिल्या पावसाळ्यात तो आला नाही. पावसात बोटी बंद असतात हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. ती विचारायची, “ताई, बोटी किनाऱ्याला लागल्या, मग ह्यो कुठं लागला?” मी म्हणायचे, मालकानं जाळी विणायला ठेवून घेतला असेल. हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. तिला काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगत होते. पुढे पुढे तेच मला खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन आवणीत, हवालदार कागद घेऊन आला. आमच्या भागाचा हवालदार तसा भला माणूस. गुडघे दुखतात म्हणून शक्य तिथे गाडीवर बसूनच चौकशी करतो. वरचं पान मराठीत होतं: सोबतच्या यादीतील इसमाबाबत चौकशी करून तो आपल्या गावचा रहिवासी आहे किंवा कसे, याचा अहवाल सादर करावा. खाली नाव, बापाचं नाव, गाव, आणि फोटोच्या झेरॉक्सची झेरॉक्स. मागे इंग्रजी पानं टाचलेली होती. हवालदारानं ती उलटली नाहीत. मीही उलटली नाहीत. माझे हात चिखलाचे होते, आणि मराठीत एवढं स्पष्ट विचारलेलं असताना इंग्रजीत वेगळं काय विचारणार असा माझा हिशेब होता.

फोटो त्याचाच होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण कान त्याचेच.

आम्ही वाडीवर गेलो. हवालदार ओढ्याच्या अलीकडे गाडीवर थांबला, कागद घेऊन मी पलीकडे गेले, म्हणजे चौकशी रीतसर झाली. माणसं जमली. फोटो हातोहात फिरला. ज्यानं त्याला अंगाखांद्यावर खेळवला त्या म्हाताऱ्यानं, वाडीतला वडीलधारा तोच, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “ह्या तोंडाचा मानूस आमच्यात नाय.” शेवटी कागद तिच्याकडे आला. ती आवणीवरूनच आली होती, कासोटा खोवलेला, पिंढऱ्यांना चिखल. तिनं फोटो पाहिला. जरा जास्त वेळ पाहिला, एवढंच. मग ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी नाय वळखत.”

मला तिचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं, आता लाज वाटते म्हणून ते लपवणार नाही. दीड वर्षानं नवऱ्याचं तोंड बघून पापणी न हलवता नाही म्हणायला काय लागत असेल, ते मी उभ्या उभ्या पाहिलं. घरी येऊन हात धुतले आणि लिहिलं: सदर इसम या गावी राहत नाही. नातेवाईक मिळून आले नाहीत. शिक्का मारला. हवालदारानं चहा घेतला, सही केली आणि पाऊस वाढायच्या आत निघाला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी रोपं लावत होती. दुपारपर्यंत अर्धं खाचर झालं. मग वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, “ताई, बारीक झालाय ना?”

मी हो म्हटलं.

“पन हाय. जिता हाय. पोलीस शोधतात म्हंजे अजून त्यांच्या हाताला लागला नाय.” तिनं आणखी एक मूठ लावली. “मागं पांढरी भिंत होती. चांगल्या जागी हाय कुठंतरी.”

त्या आवणीत ती रोज हसताना दिसायची. मला हे सगळं फारच चांगलं झालं असं वाटत होतं.

मार्गशीर्षात आम्हा पोलीस पाटलांना शहापूरला बोलावणं आलं. विषय: सागरी सुरक्षा व शेजारी राज्यांशी समन्वय. आमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं, कागद चुकून आला. तो चुकून आला नव्हता. ठाणे जिल्ह्याला खाडी आहे, म्हणून जिल्ह्याला सागरी सुरक्षा आहे, म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या पोलीस पाटलांना सागरी सुरक्षा आहे. शासन असं टप्प्याटप्प्यानं विचार करतं. मी टोकावड्याहून सरळगाव आणि तिथून किन्हवलीमार्गे जीपनं गेले. सापगावला पुलाखाली नदी दिसली. दिवसभरात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी तेच.

मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. मागे आदल्या दिवशीच्या लग्नातली फुलं तशीच होती, त्यामुळे समुद्राकडून आलेले अधिकारी नवरदेवाच्या जागी उभे राहून बोलत होते. तरुण होते, समजावून सांगायची हौस होती. कोणत्या राज्याच्या बोटीला कोणता रंग असतो ते त्यांनी पडद्यावर दाखवलं, म्हणजे आपले पोलीस आणि गुजरातचे पोलीस लांबूनच बोट कुणाची ते सांगू शकतात. संशयास्पद बोट दिसल्यास कुणाला कळवायचं ते सांगितलं. माळशेजकडच्या एका पाटलांनी ते वहीत उतरवून घेतलं. शेवटी प्रत्येकाला एक पोस्टर मिळालं: ‘संशयास्पद बोट दिसल्यास त्वरित कळवा.’ ते आजही आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. अजून तरी तशी बोट दिसलेली नाही.

मग त्यांनी समुद्राचा नकाशा दाखवला आणि त्यात एक तुटक रेघ. इकडचा समुद्र आपला, तिकडचा शेजारच्या देशाचा. कुठला शेजारी ते सांगायची गरज नाही, त्या बाजूला आपल्याला दुसरा नाही. अधिकारी म्हणाले, “रेघ नकाशावर आहे, पाण्यावर नाही. मासा पलीकडे जातो, माशामागे बोट जाते, आणि त्यांची गस्त बोट पकडते. त्यांच्या बोटी आपण पकडतो. खलाशी दोन्हीकडे तुरुंगात जातात.” पण इथेही समन्वय आहे, ते म्हणाले. दर सहा महिन्यांनी दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मग यादीतला माणूस खरंच आपला आहे का हे तपासायला कागद दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तिथल्या पोलीस ठाण्याला आणि तिथून त्याच्या गावी जातो. “गावानं आपला म्हटलं, की माणूस सुटायच्या वाटेला लागतो. मागे नाव, गाव, फोटो असलेला अर्ज असतो, इंग्रजीत.”

फोटो बहुधा तुरुंगात काढलेला असतो, असंही ते म्हणाले. मागे भिंत असते.

चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे गेले. विचारलं, गावानं आपला नाही म्हटलं तर काय होतं?

“मग तो पुढच्या यादीत जातो, मॅडम.”

“आणि तेव्हाही नाही म्हटलं तर?”

“तर त्याच्या पुढच्या.” ते गंमत करत नव्हते. “दोन्ही देशांनी त्यांचं काम केलेलं असतं. अडतं ते गावात.”

माझ्या हातात पेला होता. तो मी कुठे ठेवला ते आठवत नाही. ज्या दोन देशांचं कशावरही पटत नाही, त्यांचं आमच्या वाडीतल्या एका माणसावर जवळपास एकमत झालं होतं. ते म्हणत होते, तुमचा असावा. आपण म्हणत होतो, आमचा असावा. फक्त गावानं नाही म्हटलं होतं. समुद्रावर बोटी ओळखायची एवढी सोय केली होती, आणि माणूस ओळखायचं काम तेवढं माझ्याकडे होतं.

घरी आल्यावर फाइल काढली. स्थळप्रत मी प्रत्येक कागदाची ठेवते, अगदी मागच्या पानांसकट. तीन पानं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसून ती बोट ठेवून वाचली. बारावीपर्यंतचं इंग्रजी गंजलं होतं, पण एवढं अवघड त्यात काही नव्हतं. बोट. खलाशी. समुद्रात पकडलेला. तुरुंगात. अर्ज भरणाऱ्याची मागणी, एका ओळीत: घरी परत पाठवावे.

मी वाडीवर गेले ती एकटीच. तिला सगळं सांगितलं. ती दारात बसून बांबूच्या काड्या सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, “म्हंजे मी नाय म्हटलं म्हनून तो तिथंच ऱ्हायला?”

“नाय गो,” मी म्हटलं. “मी लिवलं म्हनून.”

मला वाटत होतं तिनं शिवी द्यावी. काम सोपं झालं असतं. तिनं विचारलं, “तिथं जेवाया देतात?” मी म्हटलं, देत असतील. पुन्हा एकदा मी माहीत नसलेलं सांगितलं.

आता वाडीला सांगायचं होतं की पोलिसांसमोर जाऊन त्याला ओळखा. हे म्हणजे मांजराला पाण्यात उतर म्हणण्यासारखं होतं. वाडी जमली. सगळ्यांच्या तोंडावर एकच दिसत होतं, पाटलीन फितली. शेवटी म्हातारा म्हणाला, “पाटलीन, आज तू खाकीकडून बोलतेस का घरातून?”

“घरातून.”

“तुझ्या सासऱ्याची आन घे.”

मी घेतली. सासरे त्या वेळी घरी चहा पीत होते, पण आण ती आण. म्हाताऱ्यानं वाडीकडे पाहिलं आणि निकाल दिला, “ह्या येकाला वळखायचं. फकस्त ह्या येकाला. दुसऱ्या कुनाला नाय.”

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सतरा माणसं आली. पावसाळ्यात ज्याला एकही ओळखत नव्हतं, त्याला आता सतरा जण जन्मापासून ओळखत होते. हवालदार त्यांच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. जबाब लिहिताना त्यानं तिला विचारलं, “मागच्या टायमाला तू नाय म्हणालीस. आता नवरा म्हणतेस. खरं कुठलं?”

“दोनी,” ती म्हणाली. “तवा पोलिसानं इचारलेलं. आता पाटलीन इचारते.”

हवालदारानं हे कसं लिहायचं याचा बराच विचार केला आणि शेवटी लिहिलं नाही.

जबाब झाले, पण वरती कागद लागतो. त्याच्या नावाचा कागद शोधायला निघालो तर रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं, कारण तो गावी राहत नाही असं कुणीतरी लिहून दिलं होतं. कोणी ते सांगायला नको. त्याचं ओळखपत्र बोटीवर होतं आणि बोट शेजारच्या देशात होती. उरली आश्रमशाळा. तिथले मुख्याध्यापक सज्जन, जुनी रजिस्टरं त्यांनी वाळवी लागू न देता जपली होती. चौथीच्या पानावर त्याचं नाव सापडलं, बापाचं नाव, गाव, सगळं स्वच्छ अक्षरात. पुढे शेरा: सतत गैरहजर, नाव कमी केले. त्याच्याबद्दल सरकारकडे जेवढे कागद होते, ते सगळे तो नाही एवढंच सांगत होते.

“ह्यानं चालेल?” मी हवालदाराला विचारलं.

त्यानं पान दोनदा वाचलं. “गैरहजर राहायला आधी नाव असावं लागतं,” तो म्हणाला. “चालंल.”

मग माझा अहवाल राहिला. हवालदार म्हणाला, “‘नव्यानं माहिती मिळाली’ असं लिवा, पाटीलताई. कुनाच्याच अंगाला लागत नाय.” सल्ला चांगला होता. मी लिहिलंही तसं. मग तो कागद घडी करून पिशवीत टाकला आणि दुसरा घेतला: मी सदर इसमास ओळखत होते. तरीही मागील पाने न वाचता तो गावी राहत नाही असे कळवले. चूक माझी आहे. हवालदार थोडा वेळ पंख्याकडे बघत बसला. पहिल्या कागदावर त्याचीही सही होती. मग पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं. त्यापुढे काही झालं नाही. ती नोटीसही बहुधा एखाद्या यादीत पुढे पुढे सरकत असावी.

त्यानंतर वाट बघणं. एक यादी गेली. पुढच्या आवणीलाही तो नव्हता. ती रोपं लावायची, पण शेजारच्या बायका आता तिच्या बरोबरीनं जायला लागल्या होत्या. माझ्याशी ती पूर्वीसारखंच बोलायची. मीच तिच्या शेजारची ओळ घ्यायचं टाळत होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. आम्ही त्या हिशेबानं दोनदा थांबलो.

कापणी चालू असताना फोन आला. सुटलेल्यांना सीमेवरून आणलंय, तुमचा माणूस उद्या मुरबाडला येईल, पत्नी आणि पोलीस पाटील यांनी ताबा घ्यावा. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. तिनं फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. पूर्ण वाटेत एकदाच बोलली, “मला वळखंल ना?” मी म्हटलं, वेडी का काय.

तो बाकावर बसला होता. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. कुणीतरी दिलेला नवा सदरा अंगात होता, घड्या तशाच. टेबलापलीकडे साहेब, दोन्ही बाजूंना शिपाई. साहेबांपुढे छापील नमुना होता, त्यात दोन रकाने: नातेवाइकानं माणसाला ओळखणं आणि माणसानं नातेवाइकाला ओळखणं. साहेबांनी आधी त्याच्याकडे वळून विचारलं, “ही बाई कोण?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग साहेबांच्या खाकीकडे, शिपायांकडे आणि पुन्हा समोर भिंतीकडे.

“मी नाय वळखत,” तो म्हणाला.

साहेबांचं पेन थांबलं. दारात उभ्या असलेल्या आमच्या हवालदारानं कपाळाला हात लावला. एवढे देश, एवढ्या याद्या, आणि आता हा. तेवढ्यात ती हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं, आणि त्यातच ती रडायला लागली, दोन्ही एकदम.

“लिवा, सायेब,” ती म्हणाली. “ह्योच तो. दुसरा कोन असता तर वळखलं असतं त्यानं.”

साहेब समुद्राकडच्या अधिकाऱ्यांपेक्षा वयानं बरेच मोठे होते, नोकरी सगळी याच भागात झालेली. त्यांनी थोडा वेळ दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही रकान्यांत ‘होय’ लिहिलं. मी ताबा पावतीवर सही केली: सदर इसम मिळाला. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहीत होते. मलाही रडू आलं, शिक्का वाकडा बसला.

परत येताना टोकावड्याची जीप केली. ती दोघं मागे, मी समोरच्या सीटवर त्यांच्याकडे तोंड करून. सांगायचं ते मुरबाडच्या वेशीच्या आत सांगून टाकावं म्हणून सांगितलं. पहिला कागद आला तेव्हा मी काय लिहिलं, का लिहिलं, मागची पानं कशी उलटली नाहीत. तो ऐकत होता.

“तिथं येकदा सायेब आलेला,” तो सावकाश म्हणाला. “म्हनला, तुझ्या गावात तुला कोन वळखत नाय. बाकीच्यांना वाईट वाटलं माझं.”

“आणि तुला?”

“मला बरं वाटलं. म्हटलं, वाडी हाय जाग्यावर. बायको हाय. कोनी फुटला नाय.” तो बाहेर बघायला लागला. कापलेली खाचरं मागे जात होती. “मग आमच्या बोटीवरचे सगळे सुटले, मी येकलाच ऱ्हायलो. तवा मातर नाय बरं वाटलं. ते वरीस लय मोठं झालं.”

सरळगाव गेलं. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर चटणी घातली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं भाकरी नीट दोन्ही हातांत धरली. पण खाईना. चटणी नको असेल असं मला वाटलं, तिलाही तसंच वाटलं असावं. मग माझ्या ध्यानात आलं की तो माझ्याकडे बघतोय, आणि माझ्या होकाराची वाट बघतोय.

“खा,” मी म्हटलं.